सपाट चमचा

फाइलवर नाव आहे हसुराम गणा मढवी,
वय चौसष्ट, घणसोली गाव.
वाशीच्या डॉक्टरांनी पडद्यावर पेनाची टोपी टेकवली:
ही नळी ऐंशी टक्के बंद.

टक्क्यांचा हिशेब आमच्या घरात नवा नाही.
बाबा झोपल्या झोपल्या म्हणाले,
"मंग मोकली कवरी रायली? वीस?
साडेबारापरीस जास्तीच दिली देवान."
डॉक्टर हसले नाहीत.
सगळी जमीन घेऊन तिचा तुकडा परत देतात,
ती गोष्ट त्यांना माहीत नसावी.

दोन स्टेंट बसले.
मग आहारतज्ज्ञ आली, माझ्याहून धाकटी,
टेबलावर चमचा ठेवून म्हणाली,
दिवसाला मीठ एवढंच. शीग नको. सपाट.
यातच आमटीतलं, लोणच्यातलं, पापडातलं,
पावातलंसुद्धा.
"पावान?"
चाळीस वर्षं चहात बुडवून खाल्लेला पाव
बाबांना पहिल्यांदाच फितूर वाटला.

ती बोटाने चमच्याची शीग पुसत होती
आणि बाबांची नजर त्या बोटावर अडकली.
आजोबा फळी ओढून असाच सपाट करायचे
कोंडीचा तळ,
उधाणाचं पाणी आत घेण्याआधी.

नऊ वर्षांचे असल्यापासून बाबांनी पाट्या वाहिल्या.
खडा जिभेवर ठेवून सांगायचे,
हे बांधालगतचं, हे मधल्या कोंडीचं.
दुपारी भात, सुकट, वर चिमूटभर नाही, मूठभर,
आणि संध्याकाळपर्यंत तेच मीठ
पाठीवर पांढरं होऊन वाळायचं.
मग आगर गेलं.
भाडं आलं, सोफा आला,
हळदीच्या रात्री मटणाचे टोप, ग्लासाशेजारी खारे शेंगदाणे.
पाठ कोरडी झाली.
जेवण तेवढंच खारट राहिलं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
बाबांचं रक्त जागलं.
रात्रंदिवस जागलं, दाब धरून,
भरतीचं पाणी बांधाला रेटतं तसं.
घरात कुणाला कळलं नाही.
फुटेपर्यंत बांध शांतच दिसतो.

आता संध्याकाळी ते पाय वर घेऊन बसतात.
मी घोट्यावर बोट दाबते. खळगा उरतो,
ओल्या कोंडीत पाऊल उमटावं तसा,
आणि हळूहळू भरतो.
किती वेळात, ते मी वहीत लिहिते.

सुकट बंद. बोंबील ताजेच.
आमटीत चिंच वाढवते, लसूण ठेचते, वरून लिंबू,
जिभेला फसवायचे जेवढे रस्ते ठाऊक आहेत तेवढे.
बाबा जेवतात, परक्या घरी जेवावं तसे,
काहीही न मागता.
एकदाच म्हणाले,
"पोरी, आगऱ्याचे घरान अलनी?"
मी पाणी वाढलं.
माझ्याही ताटात तेच होतं.
मागच्या महिन्यात पट्टा मी माझ्याही दंडाला बांधून पाहिला होता,
तो आकडा अजून कुणाला सांगितलेला नाही.

काल रात्री दीड वाजता ओट्यावरचा दिवा लागलेला.
बाबा स्टुलावर, समोर कॉफीची जुनी बाटली,
तळाला आमच्या शेवटच्या राशीचं मीठ,
जाडं, करडं, खाडीची माती अजून धरून बसलेलं.
पुड्यातलं मीठ त्यांच्या लेखी पीठ.
दोन बोटांत एक खडा धरून
ते ट्यूबलाइटसमोर फिरवत होते.
"बग. चारी कोने सारखे. तवा ऊन कडक होता."
मी बघितलं.
खरंच चौकोनी होता.
आम्ही दोघं काही वेळ तसेच,
मध्ये तो खडा.
मग मी म्हटलं, झोपा आता,
आणि दिवा त्यांच्यावर सोडून आत आले.

सकाळी वहीत लिहिलं:
एकशे अडतीस, शहाऐंशी.
मीठ, एक चमचा, सपाट.
खडा, एक.
खाल्ला नाही.
बहुतेक.